‘पण’ नसलेली माफी

माझ्या मावशीने चौतीस प्रेमकथा लिहिल्या आणि त्यांतल्या एकीतही नायक विमानतळावर धावत गेला नाही. याचा तिला केवढा अभिमान! “धावायला काय लागतं? दोन पाय,” ती म्हणायची. “सांगितलेल्या वेळी येऊन उभा राहील असा एक दाखव.”

लेखिका होण्याआधी बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेव्हा परगावचे फोन तिच्या हातून जोडले जायचे. तीन मिनिटं झाली की मध्येच आठवण करून द्यायची, त्यामुळे एक कान तिकडे ठेवावाच लागे. प्रेमात पडलेली माणसं तीन मिनिटांत काय बोलतात, हे तिच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल.

“चंद्र-तारे कुणी काढत नाही गं, ठमे,” ती मला सांगायची. “जेवलास का, खोकला गेला का, छत्री घेतलीस ना... यातच अडीच मिनिटं जातात. उरलेल्या अर्ध्या मिनिटात दोघंही गप्प. आणि त्या गप्प बसण्यात जे असायचं ना, ते लिहायला मी एक्स्चेंज सोडलं.”

माझं नाव ठमी नाही, पण मावशीपुढे कुणाचं चालतंय? मी सकाळी एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळायचे आणि दुपारी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिची हस्तलिखितं संगणकावर उतरवायचे. तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. ते मला एकटीलाच लागायचं, म्हणून ही नोकरी माझ्याकडे पक्की होती.

तिची पुस्तकं खिशात मावतील एवढी, स्वस्त कागदावरची. समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, बक्षीस कधी मिळालं नाही. पण वाचनालयांत ती टिकत नसत. सकाळी परत आलं की संध्याकाळी गायब. प्रकाशनाचे जुने मालक तिचं हस्तलिखित न वाचताच छापायला पाठवायचे. मग ते थकले आणि त्यांच्या खुर्चीत नवे संपादक येऊन बसले.

नवे संपादक वयाने पस्तिशीचे, वागायला अतिशय नम्र. पहिल्याच भेटीत त्यांनी टेबलावर सहा रंगीत तक्ते पसरले, तेव्हापासून मावशी त्यांना घरी ‘तक्तेसाहेब’ म्हणू लागली. तोंडावर मात्र नुसतं ‘साहेब’.

तिची पस्तिसावी कादंबरी त्यांच्यासमोर होती. नायिका त्रेचाळीस वर्षांची, दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवणारी. नायक लिफ्ट दुरुस्त करणारा. एका दुपारी ती लिफ्टमध्ये अडकते आणि दीड तास तो दाराबाहेरून तिच्याशी बोलत राहतो. गोडगोड काही नाही. आपण काय करतोय एवढंच सांगत राहतो: आता मी वरच्या मजल्यावर चाललोय, आता मोठा आवाज होईल, घाबरू नका, आता दोन मिनिटं अंधार होईल.

“ताई, भाषा सुंदर आहे,” संपादक म्हणाले. “पण वाचकांची आवड बदललीय. आम्ही बाराशे लोकांना विचारलं. हे बघा. नायक श्रीमंत हवा, बहात्तर टक्के. नायिका पंचविशीच्या आत, अडुसष्ट टक्के. दहाव्या प्रकरणात मोठा गैरसमज, शेवटी मोठा प्रसंग. तुमच्याकडे तर काही घडतच नाही.”

“दीड तास लिफ्ट अडकलीय की.”

“लिफ्ट दुरुस्त करणारा नको. लिफ्टच्या कारखान्याचा मालक करा.”

“मग लिफ्ट दुरुस्त कोण करणार?”

संपादक हसले. खरंच हसले, माणूस वाईट नव्हता. “आणि ताई, ‘कवळी’ हा शब्द प्रेमकथेत... म्हणजे तुम्हीच बघा.”

आम्ही घरी आलो. मावशीने चपला काढल्या, चहा टाकला आणि म्हणाली, “बाराशे म्हणजे थोडे नाहीत. कदाचित मीच जुनी झाले असेन.” तिच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

तीन आठवडे तिने संपादकांचं ऐकलं. नायकाला कारखाना दिला, बंगला दिला, एक आजारी वडील आणि एक कपटी चुलतभाऊ दिला. नायिकेची वीस वर्षं कमी केली. मी टाइप करत होते आणि वहीतली पानं दिवसेंदिवस रोडावत होती. एका दुपारी तिने पेन खाली ठेवलं.

“हा माणूस बोलतच नाही गं. नुसता खिडकीतून बाहेर बघत उभा राहतो.”

“मालक असेच असतात.”

“असतील. पण हिला त्याच्यात काय दिसतं ते मला दिसेना. मी काय लिहू, माझं कपाळ?”

त्याच दुपारी तिला तिच्या अकराव्या कादंबरीची आठवण झाली. त्यातही नायक-नायिकेचं मोठं भांडण होतं. ते तेव्हा आपण कसं जमवलं होतं, हे तिला बघायचं होतं. घरची प्रत कुणीतरी नेली ती नेलीच. प्रकाशनाकडेही शिल्लक नव्हती. म्हणून आम्ही दोघी मोठ्या वाचनालयात गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी यादी पाहिली. “चार प्रती आहेत. चारही बांधणीला गेल्यात.”

“चारही?”

“हो. तळघरात जाऊन विचारा. आमचा बाइंडर स्वभावाने जरा तिरसट आहे, मनावर घेऊ नका.”

तळघरात खळीचा वास होता. लांब टेबल, त्यावर सुया, दोऱ्याची रिळं, पुठ्ठे आणि शिकंज्यात दाबून ठेवलेली पुस्तकं. बाइंडर पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ढकललेला. मावशीने पुस्तकाचं नाव सांगितलं, तशी त्याने न बघताच हात मागे नेला आणि चार सुटी झालेली पुस्तकं टेबलावर ठेवली.

“ही बाई माझी कायमची गिऱ्हाईक,” तो म्हणाला. मी तोंड उघडणार तोच मावशीने माझा पाय दाबला.

“म्हणजे?”

“म्हणजे हिची पुस्तकं सारखी माझ्याकडे येतात. मी वाचत नाही हां. बत्तीस वर्षांत एक पुस्तक वाचलं नाही. मी ती बघतो. कुठलं पुस्तक कुठे मोडतं ते कळतं. रहस्यकथा शेवटी मोडतात. स्वयंपाकाच्या पुस्तकावर डाग पडतात. परीक्षेची पुस्तकं पहिल्या तीस पानांत मळतात, पुढची कोरी.” तो पहिल्यांदाच जरा हसला. “हिची प्रेमकथा मात्र भलतीकडेच मोडते.”

“भलतीकडे म्हणजे कुठे?”

त्याने शेल्फावरून मावशीची आणखी दोन पुस्तकं काढली आणि टेबलावर नुसती सोडून दिली. दोन्ही आपोआप एकेका ठिकाणी उघडली. पाठ तिथेच मोडली होती, पानांच्या कडा बोटांनी काळवंडल्या होत्या. मावशी पुढे वाकली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

पहिल्यात नायक नायिकेच्या आईचे केस विंचरायला शिकतो, कारण आईचा हात मोडलाय आणि नायिका कामावर आहे. दुसऱ्यात नायिका फ्यूज बसवतेय आणि नायक नुसता टॉर्च धरून उभा आहे. तिला शहाणपण शिकवत नाही, टॉर्च हलवत नाही. बस, एवढंच. चुंबन पुढे चाळीस पानांवर होतं, तिथली पानं कोरी करकरीत.

“आणि ही,” बाइंडरने त्या अकराव्या कादंबरीच्या चार प्रती पुढे सारल्या. “हिची तऱ्हाच वेगळी. हिचं पान मोडत नाही, चोरीला जातं. एकशे सदतीस. चारही प्रतींतून कुणीतरी फाडून नेलंय. मागच्या वर्षी मी दुसऱ्या वाचनालयातल्या प्रतीवरून झेरॉक्स काढून चारहींत चिकटवली, तर तिघांनी झेरॉक्सही नेली. ही तेवढी एक उरलीय.”

मावशीने ते चिकटवलेलं पान वाचलं. मला ते पाठ होतं. नायक मित्रांसमोर नायिकेच्या कामाला हसलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो तिच्या कचेरीच्या दारात येतो आणि म्हणतो, “माझं चुकलं. चारचौघांत मी तुझ्या कामाला हसलो. तुला लागेल हे मला कळत होतं, तरी हसलो.” नायिका पुढच्या ‘पण’ची वाट बघत उभी राहते. तो ‘पण’ येत नाही.

समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं: ‘असं कोण बोलतं?’ खाली दुसऱ्या अक्षरात: ‘आमचे हे बोलतात.’ आणि त्याखाली तिसरं, घाईतलं अक्षर: ‘पत्ता द्या.’

मावशी बाजूच्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसताना पुन्हा हसू फुटलं. बाइंडर आधी गोंधळला. मग त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, पुस्तकाच्या मागचा पुसट फोटो बघितला, मावशीकडे बघितलं.

“तुम्हीच का त्या, बाई?”

“मीच, दादा.”

“मग एक काम करा. प्रकाशकाला सांगा, पुस्तक शिवून बांधा म्हणावं. नुसतं चिकटवलेलं तुमच्या वाचकांपुढे टिकत नाही.”

घरी येताना मावशी एवढ्या भरभर चालत होती की मला धाप लागली. “ठमे,” ती रस्ता ओलांडता ओलांडता म्हणाली, “बाराशे माणसं खोटं बोलली असं नाही. त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी शोभेल ते सांगितलं. लग्नाच्या वाढप्याला आपण सांगतो ना, पुरे पुरे, पोट भरलं, तसं.”

त्या संध्याकाळी कारखान्याच्या मालकाला तिने रद्दीत घातलं, बंगला, चुलतभाऊ आणि आजारी वडिलांसकट. लिफ्टवाला परत कामावर रुजू झाला. नायिका पुन्हा त्रेचाळीसची झाली, आणि आता तर पहिल्याच वाक्यात कवळी आली. पाच आठवडे मावशी कुणाच्या घरी गेली नाही, कुणाला बोलावलं नाही. मी टाइप करता करता दोनदा थांबले आणि पुढची वही मागितली. ती म्हणाली, “लिहून होऊ दे की!” आणि मला जाणवलं, मी पगारी टायपिस्ट असूनही हावरटासारखी वाचतेय.

नवं हस्तलिखित घेऊन आम्ही संपादकांकडे गेलो. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि कपाळाला हात लावला. मावशीने त्यांना तळघरातलं सगळं सांगितलं.

“ताई, चार प्रतींवरून निष्कर्ष काढता येत नाही.”

“कबूल. तुमच्या बाराशेंना तुम्ही विचारलंत कुठे?”

“पुस्तकांच्या दुकानांत. फॉर्म दिले.”

“वर नाव लिहायचं होतं?”

“हो. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय.”

“आणि शेजारी उभं कोण होतं? कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाची मैत्रीण.” मावशी पुढे सरकून बसली. “साहेब, चारचौघांत विचारलं की माणूस राजपुत्रच मागतो. मी बावीस वर्षं लोकांना कुणी ऐकत नसताना ऐकलंय. राजपुत्र कुणी मागितला नाही. माझं ऐकून घेईल का, एवढंच सगळ्यांना हवं असतं. पैसेवाला नायक वाचायला मजा येते, मी नाही म्हणत नाही. पण पान फाडून उशीखाली ठेवतात ते दुसऱ्याच माणसाचं.”

संपादकांनी हस्तलिखिताची पानं सारखी केली. “एक हजार प्रती काढू,” ते शेवटी म्हणाले. “पडून राहिल्या तर पुढचं पुस्तक माझ्या पद्धतीने.”

“आणि नाही राहिल्या तर?”

“तर तुम्ही म्हणाल तसं. पाच पुस्तकं.”

“चालेल. आणि हे शिवून बांधायचं.”

छापखाना कचेरीच्या मागच्याच गल्लीत होता. तिथे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि मग त्याच्या घड्या घालून एक जुडगं करतात. त्याला फर्मा म्हणतात. घड्या घालायला सहा बायका होत्या, त्यांचे हात यंत्रासारखे चालायचे. छपाई सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी मी आणि मावशी संपादकांकडे मुखपृष्ठ बघायला गेलो होतो, तेवढ्यात छापखान्याचे मुकादम धापा टाकत वर आले.

“साहेब, खाली चला. बायकांनी काम थांबवलंय.”

“का? काय झालं?”

“आठवा फर्मा मागतायत.”

झालं होतं असं की सातवा फर्मा पान एकशे बारावर संपत होता, आणि तिथे लिफ्टवाला भांडणानंतर नायिकेच्या दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं, आणि पान संपलं. आठवा फर्मा उद्या छापायचा होता. सहा बायका हातांवर हात ठेवून बसल्या होत्या.

“घड्या घालता घालता वाचता तुम्ही?” संपादकांनी विचारलं.

“नाही वाचत कधी,” त्यांतली सर्वांत वयस्कर म्हणाली. तिला सगळ्या ‘आक्का’ म्हणत. “वीस वर्षांत नाही वाचलं. पहिल्या पानावर कवळी दिसली. माझी नवीनच बसवलीय, म्हणून म्हटलं बघू तरी काय लिहिलंय. मग यांना सांगितलं. आता हा दारात उभा आहे, त्याचं काय ते सांगा.”

संपादकांच्या पिशवीत पुढच्या पानांची तपासायची मुद्रितं होती. त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने हात जोडून त्यांनाच पुढे व्हायची खूण केली. मग त्या नम्र, तक्तेवाल्या माणसाने छापखान्याच्या मधोमध उभं राहून पान एकशे तेरा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं. मुकादम दाराला टेकले.

“‘चूक माझी होती,’ तो म्हणाला. ‘तुझ्या आईला आणायला मी जातो म्हणालो आणि विसरलो. ती दोन तास बाकावर बसून राहिली.’”

संपादक श्वास घ्यायला थांबले.

“पुढे ‘पण’ आहे का?” आक्कांनी विचारलं.

संपादकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “नाही.”

“नीट बघा.”

“नाही हो, आक्का. पूर्णविराम आहे.”

“पूर्णविराम!” आक्का बाकीच्या पाचजणींकडे वळून म्हणाल्या, जणू एखाद्या अवघड बाळंतपणाची बातमी देत होत्या, आणि सहाही जणी एकदम हसल्या, एकीने तर टाळीच वाजवली. संपादक वाचत राहिले. सोळा पानं झाली तरी थांबले नाहीत. नवव्या फर्म्याची चार पानं वाचल्यावर मुकादमांनी घड्याळ दाखवलं. कागद गोळा करताना संपादकांचा आवाज बसला होता. मावशीजवळ येऊन ते एवढंच म्हणाले, “ताई, हजार कमी पडतील.”

हजार प्रती अकरा दिवसांत गेल्या. दुसऱ्या खेपेला पाच हजार काढल्या, तिसऱ्या खेपेला दहा. दातांचे डॉक्टर पुस्तक वेटिंग रूममध्ये ठेवू लागले. एका लिफ्टच्या कंपनीने आपल्या कामगारांना प्रती वाटल्या, अडकलेल्या माणसाशी कसं बोलावं यासाठी. ज्या समीक्षकांनी चौतीस पुस्तकांत मावशीचं नाव घेतलं नव्हतं, त्यांच्यातल्या एकाने लांबलचक लेख लिहिला आणि त्यात आपण तिला पहिल्यापासून मानत होतो असं सांगून टाकलं. मावशीने तो लेख मला मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. “खोटं आहे,” ती म्हणाली, “पण काय छान लिहिलंय!”

हिवाळा सरता सरता मोठ्या सभागृहात तिचं वाचन ठेवलं. चारशे खुर्च्या भरल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे. नेहमी अशा कार्यक्रमांना बायकाच येतात. या वेळी तिसरा हिस्सा पुरुष होते, बहुतेक जण ओढून आणल्यासारखे बसलेले. मावशी नवी चप्पल घालून आली होती आणि मंचावर चढताना एखाद्या सेनापतीसारखी दिसत होती. मी तिच्या शेजारी पाण्याचा पेला सांभाळत बसले.

दोन प्रकरणं वाचून झाली आणि प्रश्न विचारायची वेळ आली. मधल्या रांगेतून एक सत्तरीचे गृहस्थ उठले. रुंद खांदे, हातात टोपी. त्यांच्या आणि पलीकडे बसलेल्या त्यांच्या बायकोच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बाईंची भलीमोठी पर्स.

“मी एकतीस वर्षं बस चालवली,” ते म्हणाले. “डोक्यावर पाटी असायची, चालकाशी बोलू नये. ती पाटी मी घरीही घेऊन गेलो, असं हिचं म्हणणं आहे.”

सभागृह हसलं. बाई समोर बघत राहिल्या.

“तुमचा तो लिफ्टवाला सगळं सांगत राहतो. आता हे करतो, आता ते करतो. मला ते आवडलं. पण सवय नाही. आता या वयात सुरुवात कुठून करायची, बाई?”

कुणी हसलं नाही. मावशीने चष्मा काढला.

“इथून निघाल्यावर तुम्ही काय करणार आहात?” तिने विचारलं.

“मी? किल्लीवाल्याकडे जायचंय. मागच्या दाराची किल्ली करून घ्यायची आहे.”

“हे त्यांना माहीत आहे?”

गृहस्थ जरा घुटमळले. मग बायकोकडे वळले आणि चारशे माणसांसमोर, बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, “मी आता किल्लीवाल्याकडे जाणार आहे. मागच्या दाराची किल्ली करायला. अर्धा तास लागेल. येतेस?”

टाळ्यांनी छत दणाणलं. मागचे उभे लोक शिट्ट्या मारायला लागले. संपादक पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या गोंधळात बाईंनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त हात लांब करून मधल्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि खाली पायाशी ठेवली.

गृहस्थ त्या खुर्चीवर जाऊन बसले.

मावशीने माझ्या बरगडीत कोपर मारलं. “बघितलंस?” तिने चष्मा चढवला, पेल्यातलं पाणी एका दमात संपवलं, माइक जवळ ओढला आणि तिसरं प्रकरण वाचायला घेतलं.